आधी संडास कुठं आहे ते बघा

मी नर्सिंगच्या मुलींना म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकवायचे, असं सांगितलं की लोक हसतात. "त्यात शिकवायचं काय? पाय चेपायचे, गोळ्या द्यायच्या." माझा सख्खा भाऊही असंच म्हणायचा. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो महिनाभर माझ्या घरी, जालन्याला, पडून राहिला. तेव्हापासून त्यानं हा विषय काढलेला नाही.

मी नर्सिंग शाळेत ट्यूटर होते. ट्यूटर म्हणजे वर्गात शिकवणारी आणि वॉर्डात पाठीशी उभी राहून ओरडणारी. दुसरं काम मला जास्त चांगलं जमायचं. आमच्या मुली, आणि अलीकडे चार-दोन मुलंही, अंबड, भोकरदन, घनसावंगी, परतूर इकडून यायची. बहुतेकांच्या घरी आजी किंवा आजोबा असायचेच, आणि त्यामुळे या धड्यातलं सगळं आपल्याला येतं असा त्यांचा पक्का समज असे. "आमच्या घरी आज्जी हायेच की मॅडम." मी विचारायचे, "बरं, तुझ्या आज्जीच्या पायाची नखं शेवटची कोणी कापली?" की मग सगळा वर्ग छताच्या पंख्याकडे बघायला लागायचा.

आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकची एक मोठी बाहुली होती. मुली तिला सुमनताई म्हणायच्या. सुमनताईला कुशीवर वळवायचं, पुसायचं, नळीनं भरवायचं. ती फार गुणी पेशंट, कधी कण्हली नाही की कोणावर डाफरली नाही. तिच्यावर हात बसलेली मुलगी वॉर्डात गेली की पहिल्या खऱ्या म्हातारीच्या "अगं मेले, हळू" नंच गांगरायची. म्हणून मी एक उद्योग सुरू केला. मुलीलाच खाटेवर निजवायचं, चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन फासायचं, कानात कापूस घालायचा, हात चादरीखाली बांधायचे, आणि दुसऱ्या मुलीनं तिला वरण-भात भरवायचा. एकदा एक मुलगी चार घासांनंतर रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, ही माझ्याकडं बघतच न्हाई. मैत्रिणीशी बोलत बोलत नुसता चमचा कोंबू राह्यली." मी म्हटलं, झाला धडा, उठ आता, तोंड धू.

दुसरा उद्योग नेलकटरचा. गावात कामाला, म्हणजे आमच्या भाषेत कम्युनिटी पोस्टिंगला, निघालो की पहिल्या आठवड्यात मी मुलींना बीपीचं यंत्र देतच नसे. प्रत्येकीच्या हातात एक नेलकटर, एक साबण आणि एक टॉवेल. त्यांना फार राग यायचा. पांढरा कोट घालून न्हाव्याची कामं, असं माझ्यामागं म्हणायच्या आणि मला ते ऐकू यायचं. पण म्हाताऱ्या माणसाचा हात स्वतःच्या पायापर्यंत पोचत नाही, आणि सांगायला त्याला लाज वाटते. पाय गरम पाण्यात भिजवून नखं कापायला बसलं की बराच वेळ जातो आणि तेवढ्या वेळात माणूस बोलतं. एरवी त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "बरं हाय." वॉर्डात एका आजोबांनी डॉक्टरांना, सिस्टरला, मला, सगळ्यांना "बरं हाय" सांगितलं होतं. आमचा एक विद्यार्थी त्यांची दाढी करायला बसला तेव्हा अर्ध्या दाढीवर ते म्हणाले, "पोरा, दोन दिस झाले, छातीत लई कळ मारू राह्यली." पोरगा तसाच फेसाचा ब्रश हातात घेऊन डॉक्टरांकडे पळाला. आजोबांची उरलेली दाढी पुढच्या आठवड्यात झाली.

आता वाटूरची गोष्ट सांगते, कारण मला या कामाविषयी कोणी काही विचारलं की मला गिरजाबाईच आठवतात.

चैत्रातले दिवस होते. आमची तुकडी वाटूरला होती. त्यात शाहीन नावाची कुंभार पिंपळगावची मुलगी. घरात उर्दू बोलणारी, मराठी चांगली, पण कामाला इतकी सावकाश की माझा जीव मेटाकुटीला यायचा. बाकीच्या मुलींची चार घरं होईपर्यंत हिचं एक. दत्ता म्हणून एक शेतकरी होता, त्याची आई गिरजाबाई. ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, तोंडात एकही दात नाही पण बोलणं चावरं. मंगळवारी शाहीननं तिची नखं कापली आणि दीड तास तिथंच बसून राहिली. मी तिला रस्त्यातच झापलं. ती म्हणाली, "मॅडम, आज्जी लई मजेशीर हायेत. मला म्हणल्या, तुझा नवरा तू हुडकू नको, मी हुडकते." मी म्हटलं, हुडकू दे, पण घरं मोजून चार कर.

मग रामनवमी आली. जांब समर्थला उत्सव असतो, त्यामुळं आसपासच्या घरात पाव्हणे भरलेले. आम्हीही मधले दिवस वाटूरला गेलो नाही. परत गेलो तेव्हा दत्ताच्या दारात माणसं उभी. बायका आत, पुरुष ओसरीवर, आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला काय ते कळलं. दत्ताची बायको शोभा दारात आली आणि म्हणाली, "मॅडम, सासूबाईला खाली घेतलंय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माणूस जायला लागलं की आपल्याकडे त्याला खाटेवर ठेवत नाहीत, भुईवर घेतात. सारवलेल्या जमिनीवर घोंगडं टाकून निजवतात, तोंडात गंगेचं पाणी घालतात, लेकीबाळींना निरोप जातात. मी या रीतीला नावं ठेवत नाही. माझ्या आईला मीच खाली घेतलं होतं. पण एकदा माणसाला खाली घेतलं की घरातलं कोणी मग त्याच्याकडे आजारी म्हणून बघत नाही. सगळे वाट बघतात.

गिरजाबाई भिंतीशी पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठांना भेगा, मधूनच काहीतरी पुटपुटायची. मी विचारलं तर दत्ता म्हणाला, "परवापासून बरळू राह्यली. मला वळखंना. काल तर माझ्या मेलेल्या भावाला, बापूला हाका मारल्या. वय झालं मॅडम, इलाज न्हाई." दाराबाहेर ओसरीवर त्याचे चुलते बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. गिरजाबाईच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भाया, भावकीतले सगळ्यात वडील. त्यांच्या शब्दापुढं कोणी जायचं नाही.

मी मुलींना बाहेर थांबा म्हणणार होते. अशा घरात मुलींची गर्दी बरी दिसत नाही. पण शाहीन पुढं येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, मंगळवारी तर बिलकुल ठीक होत्या. नवरा हुडकते म्हणल्या मला."

झालं. हे वाक्य मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. म्हातारपण अचानक येत नाही बायांनो. वर्षा-वर्षानं येतं. मंगळवारी टवाळी करणारी बाई शनिवारी लेकाला ओळखत नसेल तर ते वय नव्हे, तो आजार आहे, आणि आजाराचं कारण शोधायचं असतं. शिकवलेलं मला त्या पोरीनं परत ऐकवलं, आणि मी अजून माणसांच्या गर्दीतच बघत होते.

तेवढ्यात एका पाव्हणीनं गिरजाबाईच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. उताणं निजलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते छातीत उतरतं. मी हात करेपर्यंत घातलंच. आणि गिरजाबाईला ठसका लागला. चांगला जोरदार ठसका, मान उचलली तिनं. बायांनी तोंडाला पदर लावले, कोणीतरी "गेली गं माय" म्हणालं. मला मात्र हायसं वाटलं. अगदी जायला टेकलेल्या माणसाला असा ठसका लागत नाही. तेवढी ताकद त्याच्यात उरलेली नसते.

मी तिला कुशीवर केलं आणि बघायला लागले. जीभ लाकडासारखी. अंग तापलेलं. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. लुगड्याला लघवीचा उग्र वास, पण लुगडं कोरडंच म्हणावं असं. मी शोभाला बाजूला घेऊन विचारलं, पाणी किती पीत होती? शोभा आधी म्हणाली, पीत होत्या की. मग म्हणाली, ध्यान न्हाई. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मॅडम, पाव्हणे आल्यापासून त्या पाणी पीतच न्हाईत. संडास म्होरं हाय न्हाई का."

मी बाहेर येऊन बघितलं. नवा संडास, निळ्या पत्र्याच्या दाराचा, ओसरीच्या बरोबर समोर. पाठीमागं कडब्याची गंजी, म्हणून तो समोर बांधला. आणि ओसरीवर सकाळपासून कोण बसलेलं? जावई, जावयाचा भाऊ, आणि आबा. ज्या बाईनं साठ वर्षं भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती त्यांच्यासमोरून हातात तांब्या घेऊन त्या निळ्या दारात कशी जाणार? तिनं तिच्या परीनं तोड काढली होती. पाणीच प्यायचं नाही. चैत्राच्या उन्हात, तीन-चार दिवस.

पाणी पोटात गेलं नाही की लघवीत जंतू वाढतात, आणि लघवीचा आजार म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात जातो. ताप कमी, बरळणं जास्त. हे दवाखान्यात सलाइन आणि औषधानं बरं होऊ शकतं. घरात, भुईवर, ती दोन दिवसांत गेली असती आणि सगळे म्हणाले असते, सोनं झालं, रामनवमीचे दिवस होते.

मी दत्ताला सांगितलं, गाडी बोलव, तालुक्याला न्यायचं. तो आबांकडे बघायला लागला. आबा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या हायेत. पण एकदा भुईवर घेतलेल्या माणसाला परत उचलत न्हाईत. गाडीत जीव गेला मंग? आपल्या घरच्या भुईवर तिला मरू द्या."

मला राग आला, पण त्यांचं बोलणं चुकीचंही नव्हतं. गाडीत जीव गेला असता तर? मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. नर्सबायांनी म्हातारीला रस्त्यात मारलं, असं एकदा झालं की त्या गावात आमच्या मुलींना पुढं कोणी उंबऱ्यात घेतलं नसतं. आणि दत्ताला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं, मायला भुई बी मिळू दिली न्हाई म्हणून. तो उभा होता तसाच, हात एकमेकांत अडकवून. मी म्हटलं, "मी खात्री देत नाही. पण मला वाटतं ती मरायला लागलेली नाही, ती तहानलेली आहे."

"तुमाला वाटतं," आबा म्हणाले आणि उठून आत तिच्या पायाशी येऊन उभे राहिले.

शाहीन खाली बसलेली होती. आम्ही शिकवतो तसं, कोणी बेशुद्ध असलं तरी हात लावायच्या आधी नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं. ती गिरजाबाईच्या कानाशी म्हणाली, "आज्जी, मी शाहीन. नखं कापणारी. तुमाला जरा सरळ करू का? आबा आलेत बघायला." मागून कोणीतरी बाई म्हणाली, मढ्याला इचारू राह्यली.

आणि गिरजाबाईचा उजवा हात उठला. चाचपडत डोक्याकडे गेला. ठसक्यानं पदर मागं सरकला होता. तो तिला एकदम सापडेना. बोटं केसांवरूनच फिरत राहिली. मग सापडला, आणि तिनं तो कपाळावर ओढून घेतला. हात परत खाली पडला.

दत्ता म्हणाला, "माय आबाला वळखू राह्यली."

आबा दोन पावलं मागं झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच, मागं न बघता, म्हणाले, "दत्ता, गाडी बोलाव. जल्दी."

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत मी आणि शाहीन तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. मी सगळ्या वाटेत तिच्या छातीकडे बघत होते. एकेका खड्ड्याला मला वाटायचं, आता थांबणार. मी देवाधर्माची फारशी नाही, पण जांबच्या फाट्याचा बोर्ड दिसला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. डॉक्टरांनी तपासलं, सलाइन लावलं, लघवीचाच संसर्ग निघाला. दुसऱ्या दिवशी ती शोभाला नावानं हाक मारायला लागली. त्याच्या पुढच्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून वॉर्डातल्या मावशीशी भांडली. मला फोनवर हे दत्तानं सांगितलं तेव्हा मी डबा खात होते. मी इतकी का रडतेय ते शिपायाला कळेना.

काही दिवसांनी आम्ही परत वाटूरला गेलो. मुलींनी मोठ्या उत्साहानं फळं नेली होती. त्यांना वाटत होतं आता गिरजाबाई आशीर्वाद देणार. गिरजाबाई खाटेवर बसली होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमी मला वाचवलं म्हणतेत सगळे. बरं केलं. पण बाई, त्यो संडास अजून म्होरंच हाय."

मला हसू आलं आणि चपराक बसल्यासारखंही झालं. एवढं सलाइन, एवढी धावपळ, आणि मूळ दुखणं ओसरीसमोर निळं दार लावून उभंच होतं. त्याचं काही करायला हवं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. शाहीननं शोभाकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं आणि मुलींनी मिळून बाजूच्या दारापासून संडासापर्यंत दोरी बांधून आडोसा केला. दत्ता बघत उभा होता. म्हणाला, "एवढंच होतं व्हय? माय, सांगायचं न्हाई का?" गिरजाबाई म्हणाली, "लेकाला सांगत असत्यात व्हय रं असलं?" मग तिनं शोभाला पाणी मागितलं. तांब्याभर पाणी तिनं आमच्यासमोर, न थांबता पिलं आणि तोंड पुसलं.

त्या वर्षीच्या परीक्षेत म्हाताऱ्या माणसांच्या शरीरातलं पाणी कमी होण्याची कारणं विचारली होती. शाहीननं पहिलंच कारण लिहिलं, संडास पुरुषांच्या बैठकीसमोर असणे. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला बोलावून ते दाखवलं, हे काय म्हणून. मी त्यांना चहा मागवला आणि सगळं सांगितलं. त्यानंतर माझ्या वर्गात या धड्याची सुरुवात बदलली. घरात शिराल तर नाडी नंतर, आधी संडास कुठं आहे ते बघा, त्याच्या वाटेवर कोण बसतं ते बघा. मुली मला संडासवाल्या मॅडम म्हणायच्या. हेही मला ऐकू यायचं.

मी निवृत्त झाले. शाहीन आता एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात आहे, आणि तिथंही सावकाशच आहे असं तिची सिस्टर-इन-चार्ज सांगते. मी म्हटलं, राहू दे.

गेल्या थंडीत एका सकाळी दत्ताचा फोन आला. गिरजाबाईचं हृदय थकलं होतं. दोन दवाखाने झाले होते, डॉक्टरांनी समजावून घरी न्यायला सांगितलं होतं, कागदपत्रं मला त्यानं आधीच दाखवली होती. तो म्हणाला, "मॅडम, मायला खाली घेऊ का? आबा म्हणले, आधी बाईला इचार."

मी विचारलं, "पाणी पाजू नका. पण ओठ ओले केले तर काय करते?"

"काय न्हाई. ठसका बी न्हाई."

"आबा आहेत तिथं?"

"हायेत. म्होरंच बसलेत." मग म्हणाला, "मॅडम, पदर मागं पडलाय. आबा बसलेत तरी तिचा हात हालंना."

फोनवर मला त्याच्या घरातला आवाज ऐकू येत होता, कोणीतरी भांडं ठेवलं.

मी म्हटलं, "घ्या खाली. ओठ ओले करत राहा. बोलत राहा तिच्याशी. आणि दत्ता, शोभाला सांग, तिचा पदर आता तुम्ही सावरा."